पुणे ते लाइपझिश: दोन अर्ज, एक खोका, एक भट्टी (प्रकल्प नोंदी, 2025)

12 जानेवारी, पुणे

शहर ठरलं: आम्ही कलाकार जोडपं पुण्याहून जर्मनीतल्या लाइपझिशला राहायला जाणार. काम दोन हातांचं आहे, एक एचिंगचं (धातूच्या प्लेटेवर आम्लाने रेषा कोरून त्यावरून कागदावर छापायचं) आणि एक मातीचं. दोन्हींना तळमजला, पाणी, थ्री-फेज वीज आणि घाण झालेली चालेल अशी जमीन लागते. पुण्यात एवढ्या जागेचं भाडं कामातून निघत नाही, प्रकल्पाचं कारण एवढंच.

लाइपझिशबद्दल दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं काहीही आकड्यांसाठी वाचू नये. 1998 मध्ये इथली लोकसंख्या 4.4 लाखांच्या खाली गेली होती आणि रिकाम्या गिरण्या नि वाडे कवडीमोलाने मिळत होते. आज वस्ती 6 लाखांच्या वर आहे. 1884 साली सुरू झालेली श्पिनेराय ही सूतगिरणी, जिथे नेओ राउखसारख्या चित्रकाराचा स्टुडिओ आहे, ती आणि तिच्या भोवतीचा प्लागवित्झ भाग आता महाग आहे. शोध लिंडेनाउच्या आतल्या गल्ल्या, रॉयडनिट्झ आणि ग्र्युनाउ इथे घ्यायचा.

तरी लाइपझिशच का, तर छपाई इथल्या हाडात मुरलेली आहे. इथलं कला महाविद्यालय, होखशूले फ्युर ग्राफिक उंड बुखकुन्स्ट, 1764 पासूनचं. त्यामुळे शाई, नमदे (छापताना दाबासाठी घालायचं जाड लोकरी कापड), जुनी प्रेस आणि ती दुरुस्त करणारा माणूस एकाच गावात मिळतो. दुसरं कारण कलाकारांची विमा-व्यवस्था. ते पुढच्या नोंदीत, कारण सगळं गणित तिथेच आहे.

आज 1 युरो साधारण 89 रुपये. अंदाजपत्रक 100 रुपयांनी मांडलं.

26 जानेवारी

भाड्याचे तक्ते करून झाल्यावर लक्षात आलं की स्वस्त-महाग भाडं ठरवत नाही, आरोग्यविमा ठरवतो.

युरोपबाहेरून येणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला जर्मनीच्या सरकारी आरोग्यविम्यात सहसा थेट शिरता येत नाही. स्वेच्छेने सभासद व्हायला आधीचा विमाकाळ लागतो: लगतचे 12 महिने, किंवा गेल्या 5 वर्षांत 24 महिने. नवख्याकडे तो नसतो. मग उरतो खासगी विमा. त्यात जोडीदार फुकटात येत नाही आणि वय वाढेल तसा हप्ता वाढतो.

यावरची वाट म्हणजे क्युन्स्टलरसोत्सियालकासे, बोलताना केएसके. कायदा 1981 चा, अंमल 1983 पासून, कचेरी विल्हेल्म्सहाफेनला. नोकरदाराचा अर्धा हप्ता जसा मालक भरतो तसा कलाकाराचा अर्धा वाटा केएसके भरते. तो पैसा कलाकारांकडून काम घेणाऱ्या संस्थांवरच्या अधिभारातून आणि सरकारी अनुदानातून येतो. केएसकेने अर्ज मान्य केला की सरकारी आरोग्यविमा बंधनकारक होतो, म्हणजेच बंद दार आपोआप उघडतं. शिवाय निवृत्तिवेतनाचा हप्ताही त्यातच.

आमचा हिशोब: वर्षाला 12,000 युरो नफा धरला तर आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन मिळून महिन्याला सुमारे 200 युरो.

अटी मात्र नीट वाचाव्यात. कलेतून वर्षाला 3,900 युरोंच्या वर नफा अपेक्षित असल्याचं दाखवावं लागतं. नवोदितांना पहिली तीन वर्षं यातून सूट आहे, पण पुण्यात वर्षानुवर्षं प्रदर्शनं केलेल्याने ती गृहीत धरू नये. पुरावा म्हणून चालू कामाची बिलं, करार आणि प्रदर्शनांचे कॅटलॉग लागतात. «मी चित्रं काढतो» एवढ्यावर काहीही होत नाही.

9 फेब्रुवारी

मूळ आराखडा असा होता: दोघांचेही स्वतंत्र कलाकार म्हणून अर्ज. निवास कायद्याचं कलम 21, पोटकलम 5. ऐकायला समान आणि सन्मानाचं वाटतं. आज तो आराखडा मोडला, कारण सविस्तर लिहून ठेवतो. बहुतेक कलाकार जोडपी इथेच अडकतात.

एचिंग ही जर्मन कायद्याच्या नजरेत निर्विवाद कला. माती तशी नाही. भिंतीवरचं मातीचं शिल्प कला ठरू शकतं, पण कप, वाट्या, बरण्या म्हणजे हस्तव्यवसाय. तो करायचा तर धंद्याची नोंदणी आणि हस्तव्यवसाय मंडळाकडे नाव लावावं लागतं. कुंभारकामाला उस्तादीचा परवाना लागत नाही, नुसती नोंद पुरते. पण कलम 21(5) फक्त मुक्त व्यवसायांसाठी आहे. त्या परवान्यावर कपांचा धंदा बसत नाही. धंद्यासाठी 21(1) हे वेगळं पोटकलम आहे आणि तिथे त्या भागाला या धंद्याची आर्थिक गरज आहे, हे पटवून द्यावं लागतं.

त्यात 21 खालच्या परवान्यावर कामाचं स्वरूप नेमकं छापलेलं असतं. «मुक्त दृश्यकलाकार» लिहिलं असेल तर तेवढंच करता येतं. हात आखडला म्हणून दोन महिने कॅफेत काम, हे चालत नाही.

आता जोडीदार म्हणून येणाऱ्याचा कागद बघा. कुटुंब-एकत्रीकरणाच्या परवान्यावर कोणतंही काम करता येतं: नोकरी, धंदा, मुक्त व्यवसाय. «अवलंबित» हा शब्द टोचतो, पण दोघांत मोकळा कागद तोच आहे.

म्हणून निर्णय: छपाईचा अर्ज मुख्य, 21(5) खाली. मातीचा अर्ज जोडीदाराचा. कप विकायचे, भट्टीकाम शिकवायचं, गरज पडली तर कुठे अर्धवेळ काम घ्यायचं, हे सगळं त्या दुसऱ्या कागदावर. विम्यातही हेच सोयीचं. केएसकेमुळे एक जण सरकारी विम्यात गेला की जोडीदार कौटुंबिक विम्यात विनाहप्ता येतो. 2025 साठी अट अशी, की जोडीदाराचं उत्पन्न महिन्याला 535 युरोंच्या आत हवं आणि स्वतंत्र धंदा हा त्याचा मुख्य व्यवसाय नसावा. दुसरी अट लोक विसरतात. उत्पन्न कमी असलं तरी दिवसभर चाकावर बसणाऱ्याचा धंदा «मुख्य» धरला जाऊ शकतो.

कोणाचं नाव कुठल्या कागदावर, हे कोणाची कला मोठी यावरून ठरवू नये. जे काम कायद्याला सहज कळतं ते पुढे ठेवावं.

2 मार्च

कागदपत्रं. महाराष्ट्र, गोवा, गुजरातचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. व्हिसा शुल्क प्रत्येकी 75 युरो, रुपयांत भरायचं. मुख्य अर्जाला जोडलेलं:

कामाचा संग्रह, 24 पानं. तीन वर्षांचं नफा-खर्चाचं पत्रक. जर्मनीतून काम किंवा प्रदर्शन देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रं, आमच्याकडे चार. पत्रात «कौतुक वाटतं» असून भागत नाही. कोणतं काम, कधी, किती मोबदल्यात, हे हवं. «12 प्रतींची मालिका, प्रत्येकी 180 युरो, नोव्हेंबर 2025» असं एक पत्र चार स्तुतिपत्रांना भारी आहे.

वय 45 च्या वर असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. ते वय जवळ येत असेल तर निर्णय लांबवू नये.

विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र महापालिकेतून घेतलं. एक महत्त्वाची गोष्ट: त्यावर अपोस्टिलचा (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा) शिक्का मारायला पैसे घालू नयेत. भारताच्या अपोस्टिल करारातल्या सहभागावर जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे भारतीय कागदावरचं अपोस्टिल तिथे चालत नाही. गरज वाटली तर जर्मन यंत्रणा दूतावासामार्फत कागद पडताळून घेते. एजंट मात्र हा शिक्का हटकून विकतात.

पासपोर्ट, विवाहपत्र आणि बँक खातं या तिन्हींत नावं अक्षरशः सारखी आहेत का, ते आजच तपासलं. वडिलांचं नाव एका ठिकाणी मधलं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी पहिल्या नावाचा भाग असेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर गाडं अडतं.

13 एप्रिल

काय न्यायचं, काय नाही.

भट्टी नाही. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट 50 हर्ट्झ आणि थ्री-फेज 400, त्यामुळे तांत्रिक अडचण नाही. पण इथे बनवून घेतलेल्या भट्टीवर सीई खूण (युरोपीय सुरक्षा-नियमांत बसते याची) नसते. ती नसेल तर घरमालक आणि विमावाले दोघेही हात वर करतात.

प्रेस नाही. वजन साडेतीनशे किलो, आणि तिला घरसामानाची शुल्कमाफीही मिळण्यासारखी नाही. ती माफी कलेच्या किंवा व्यवसायाच्या हाताने नेता येण्यासारख्या साधनांना आहे.

रसायनं, ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या) पावडरी, शाई नाही. तिथे मिळतात, आणि जहाजावर धोकादायक माल म्हणून वेगळा खर्च लागतो.

न्यायचं ते: ब्युरिन (कोरायचं हत्यार), स्क्रेपर (खरवडायचं), बर्निशर (घोटायचं), सुया, ठोकायचे आणि घासायचे पत्थर, दोन रोलर, मातीकामाची लाकडी आणि तारेची हत्यारं, आणि 40 तांब्याच्या प्लेटा. 30 बाय 40 सेंटिमीटरची 1 मिलिमीटर जाडीची प्लेट साधारण 1,075 ग्रॅम भरते, म्हणजे नुसतं तांबं 43 किलो.

माफीची अट: राहतं घर युरोपीय संघाबाहेर किमान 12 महिने असावं, वस्तू किमान 6 महिने वापरातली असावी, आणि नेल्यावर 12 महिने विकू नये. म्हणून जाण्याच्या तोंडावर बोहरी आळीतून नवी कोरी हत्यारं भरून घेणं हा उलटा व्यवहार आहे.

विकायच्या तयार प्रिंट या घरसामानात बसत नाहीत. त्या वेगळ्या, मूळ मुद्रणचित्रं म्हणून (सीमाशुल्क शीर्षक 9702). त्यावर सीमाशुल्क शून्य, आयात मूल्यवर्धित कर 7 टक्के. खोक्यात मिसळल्या तर पूर्ण खोका तपासणीत थांबतो. आम्ही 30 प्रती सपाट पाकिटात विमानाने, स्वतंत्र बिजकावर पाठवणार.

8 जून

खोका. आतून 1.1 बाय 0.9 बाय 1.0 मीटर, 12 मिलिमीटर प्लायवूड. सुट्या मालाच्या जहाजी दरात किमान 1 घनमीटरचे पैसे घेतातच, त्यामुळे त्याहून लहान खोका करून बचत होत नाही.

प्लायवूडला अडचण नाही, पण कोपऱ्यांच्या आणि तळाच्या अखंड लाकडी पट्ट्यांना आयएसपीएम-15 ची (लाकडातून कीड पसरू नये म्हणूनच्या आंतरराष्ट्रीय नियमाची) प्रक्रिया हवी: लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस, सलग 30 मिनिटं, आणि वर गव्हाच्या ओंबीचा शिक्का. टिंबर मार्केटमधल्या सुताराने तयार ठेवलेल्या पट्ट्या परत कराव्या लागल्या, कारण शिक्का नव्हता. शिक्का असलेलं लाकूड पॅकिंगवाल्यांकडे मिळतं, ते विकत घेऊन सुताराला द्यावं. शिक्का कापला जाणार नाही अशा बेताने तुकडे करायला सांगावं.

प्लेटांचं बांधणं, पावसाळा लक्षात घेऊन: आधी व्हाइटिंगने (खडूच्या पुडीने) तेलकटपणा काढायचा, सुक्या फडक्याने पुसायचं, मग पेट्रोलियम जेलीचा बोटाने जेमतेम जाणवेल इतका थर. मागच्या बाजूलाही. मध्ये बटर पेपर. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल तांब्यावर उमटतं. महिनाभराने एका प्लेटेवर कालच्या बातमीची ओळ उलटी वाचता येते, ते डाग छापताना राखाडी पट्टा म्हणून दिसतात. दहा-दहा प्लेटांचा गठ्ठा, दोन बाजूंनी पातळ प्लाय, घट्ट पट्टी. गठ्ठे उभे ठेवायचे. आडवे रचले तर तळातल्या प्लेटांवर ओरखडे येतात.

रोलर कशावरही टेकवून ठेवायचे नाहीत. खोक्याच्या दोन भिंतींना खाचा करून दांड्यांवर टांगले. दीड महिना रबर एका रेषेवर टेकलं की तिथे सपाटी येते आणि मग शाईत दर फेऱ्याला एक फिकी रेघ.

सिलिका जेल 2 किलो, कापडी पिशव्यांत. एकूण वजन 168 किलो.

13 जुलै

खोका न्हावा-शेवाहून हॅम्बुर्गला निघाला. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांपासून अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, त्यामुळे जुन्या वेळापत्रकात दोन आठवडे मिळवले.

दर ठरवताना चूक झाली: दर «बंदर ते बंदर» घेतला. समुद्रभाडं स्वस्त दिसतं, पण तिकडच्या बंदरातलं उतरवणं, गोदाम, कागद आणि लाइपझिशपर्यंतची मालगाडी मिळून ते तिपटीवर जातं. दर मागताना «दारापर्यंत, सर्व खर्चांसह» असंच मागावं आणि गोदामाचे मोफत दिवस किती, ते लेखी घ्यावं.

17 ऑगस्ट, लाइपझिश

पहिले दोन आठवडे फक्त कागद, आणि क्रम चुकवायचा नाही.

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्तानोंदणी, आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाने सही केलेलं «हे इथे राहतात» असं पत्र लागतं, भाडेकरार पुरत नाही. अर्जात धर्माचा रकाना आहे. तिथे नोंदलेल्या चर्चचे सभासद असलात तर चर्चकर लागतो, इतरांना नाही. रकाना भरताना घाई करू नये.

मग टपालपेटीवर नाव. दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. पोस्टमन घरक्रमांक पाहून पत्र टाकत नाही, नाव पाहून टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. करओळख क्रमांक, बँकेचं कार्ड, परवान्याची तारीख, सगळं टपालानेच येतं, त्यामुळे कागदाच्या चिठ्ठीवर सुवाच्य लिहून चिकटपट्टीने लावलेली दोन नावं ही या महिन्यातली सर्वांत महत्त्वाची कलाकृती.

रेडिओ-दूरदर्शन शुल्क घरटी महिन्याला 18.36 युरो. संच नसला तरी भरावं लागतं.

घर: लिंडेनाउ, 58 चौरस मीटर. जर्मनीत भाडं दोन प्रकारचं सांगतात: थंड म्हणजे नुसत्या जागेचं, ऊबदार म्हणजे पाणी, जिना-सफाई, गरम करण्याचा खर्च धरून. इथे थंड 480, ऊबदार 640. अनामत थंड भाड्याच्या तिपटीवर घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. इथल्या पतनोंदीचा उतारा नवख्याकडे नसतो. त्याऐवजी बँकेची सहा महिन्यांची पत्रकं, व्हिसा आणि पुण्यातल्या घरमालकाचं इंग्रजी पत्र एका फाइलीत दिलं.

6 सप्टेंबर

कार्यशाळा. आधी पाहिलेली जागा सोडली: चौथा मजला, शंभर वर्षांपूर्वीचं राहतं घर, सुंदर उजेड. अशा घरांत लाकडी तुळया असतात आणि राहत्या घराच्या जमिनीचा हिशोब चौरस मीटरला 150 ते 200 किलोंचा. प्रेसचे चार पाय 70 बाय 90 सेंटिमीटरवर उभे राहतात. 350 किलो भागिले 0.63, म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशेच्या वर. भिंतीलगत, तुळईवर वगैरे जुगाड सुचवणारे भेटतात. ऐकू नये.

घेतलेली जागा: तळमजला, मागच्या अंगणात, 40 चौरस मीटर, सिमेंटची जमीन, जमिनीत मोरी, थ्री-फेज आलेली. थंड 260, वर 90.

व्यावसायिक भाडेकरारात राहत्या घराचं संरक्षण नसतं. अनामतीला मर्यादा नाही, मुदतीआधी सुटका नाही. आमच्याकडून दोन कलमं घालून घेतली: एक, 100 लिटरची विद्युत भट्टी बसवायला लेखी परवानगी. दोन, सोडताना जागा «जशी घेतली तशी», नव्याने रंगवून नाही.

आणखी एक मेख. काही मालक व्यावसायिक भाड्यावर 19 टक्के मूल्यवर्धित कर लावतात. त्यांना तो फक्त अशाच भाडेकरूला लावता येतो जो स्वतः करपात्र विक्री करतो. लहान व्यावसायिकाची या करातली सूट घेतली (2025 पासून आदल्या वर्षीची उलाढाल 25,000 युरोंच्या आत हवी) तर आपण त्यात बसत नाही, आणि असा मालक जागाच नाकारू शकतो. सूट घेणार की नाही, हे करार करण्याआधी ठरवून सांगावं. आम्ही घेतली.

कार्यशाळेत झोपायचं नाही. तिथे पत्ता नोंदवता येत नाही.

21 सप्टेंबर

खोका आला. पत्तानोंदणीचा दाखला, पुण्यातल्या वास्तव्याचा पुरावा आणि वस्तूंची यादी जोडून शुल्कमाफी मिळाली. यादीत «हत्यारं, 1 पेटी» असं लिहिलं असतं तर अडलं असतं. «ब्युरिन, वापरलेला, 9 नग, एकूण 30 युरो» अशी ओळ-ओळ यादी, जर्मन आणि इंग्रजीत, चार पानं.

38 प्लेटा निर्मळ. दोन प्लेटांच्या कडेला हिरवट डाग, तिथे जेली पुसली गेली होती. व्हाइटिंग आणि तेलाने घासल्यावर गेले, कोरलेल्या रेषांना धक्का नाही.

5 ऑक्टोबर

वापरलेली प्रेस, रोलर 50 सेंटिमीटर रुंद. घेण्याआधीची तपासणी, जी विक्रेत्याला आवडत नाही पण करावीच: नमदे काढायचे. पाट्यावर (रोलरखालून सरकणाऱ्या, प्लेट ठेवायच्या फळीवर) डाव्या आणि उजव्या टोकाला वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या ठेवायच्या. दोन्ही स्क्रू मोजून सारखे फेरे आवळायचे. मग पट्ट्या ओढायच्या. एक निघते आणि एक अडकते, तर टोकांचा दाब असमान आहे. तो स्क्रूने सुधारतो. आता तिसरी पट्टी मधोमध. दोन्ही टोकं घट्ट आणि मधली सैल असेल तर रोलर वाकतोय किंवा पाटा खोलगट आहे, आणि याला उपाय नाही. हीच चाचणी रोलर पाव-पाव फिरवून चार वेळा. पहिली प्रेस इथेच नापास झाली. दुसरी घेतली, 1,900 युरो.

रविवारी प्लागवित्झमधलं छपाईकलेचं संग्रहालय पाहिलं, चालू यंत्रं आहेत. झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या शिळा हाताला लागल्या. 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं ते याच तंत्राने. पुढे मळवलीचा रविवर्मा छापखाना चालवला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने. ही वाट जुनी आहे, फक्त उलट्या दिशेने.

12 ऑक्टोबर

आम्लाची बदली. आपल्याकडे जस्ताला नायट्रिक वापरायची सवय. युरोपीय संघात 3 टक्क्यांहून तीव्र नायट्रिक सामान्य ग्राहकाला विकता येत नाही, स्फोटकांच्या कच्च्या मालात ते येतं. सोडून दिलेलंच बरं, फुफ्फुसांसाठीही.

जस्तासाठी: 1 लिटर पाणी, 75 ग्रॅम मोरचूद, 75 ग्रॅम साधं मीठ. रेषांमधून तांबूस गाळ फुलतो. तो मऊ ब्रशने सतत झाडावा लागतो, नाहीतर गाळाखालची रेष उथळ राहते. निळा रंग विरला की द्रावण संपलं.

तांब्यासाठी: 40 बॉमे (द्रावणाच्या दाटपणाचं माप) फेरिक क्लोराइड 4 लिटर, त्यात 1 लिटर लिंबूसत्त्वाचं द्रावण (तीन भाग पाणी, एक भाग लिंबूसत्त्व). लिंबूसत्त्वामुळे रेषेत गाळ साचत नाही. म्हणून प्लेट तोंड वर करून ठेवता येते. स्टीलच्या सिंकजवळ फेरिक नेऊ नये, एका रात्रीत खड्डे पडतात.

वापरलेलं द्रावण मोरीत नाही. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत जायचं, फसफस थांबेपर्यंत. तांबं तळाशी बसतं. गाळ बंद डब्यात, नाव लिहून, घातक कचऱ्याच्या संकलनाला. तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं आणि इथे मोरी कुठे जाते हे विचारणारे लोक आहेत.

26 ऑक्टोबर

भट्टी: वापरलेली, 100 लिटर, 9 किलोवॅट, लाल रंगाचा पाच खुंट्यांचा 16 अँपिअर प्लग. भट्टीची जोडणी फक्त नोंदणीकृत वीजतंत्रज्ञाने करायची. त्याची पावती जपून ठेवली, विम्याला तीच लागते. 1240 अंशांच्या एका भाजणीला 45 युनिट, 35 सेंटने 15.75 युरो.

माती वेस्टरवाल्डची, 25 टक्के शामोट (भाजून दळलेली माती), 10 किलोंचे गठ्ठे. ओल्या पट्टीवर 100 मिलिमीटरची खूण केली, 1240 अंशांनंतर 88.5 उरली. पुण्यातल्या कपांचे साचे आणि झाकणांची मापं सगळी नव्याने.

पुण्याची ग्लेझ या मातीवर बारीक तडकली. तिसऱ्या दिवशी कपाला कान लावला की टिंग-टिंग ऐकू येतं. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तडा. क्वार्ट्झ 5 टक्के वाढवून तडे कमी झाले, 8 टक्क्यांना थांबले. भट्टीची उष्णता पाहायला ठेवतात त्या, ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या शंकूंबाबत सावध: जर्मन कुंभार सेगर शंकूचे आकडे बोलतात, आपण ऑर्टनचे. आकडा तोच असला तरी तापमान वेगळं.

कप विकायला आणखी दोन गोष्टी. शिसं आणि कॅडमियम किती झिरपतं याची प्रयोगशाळेची चाचणी: कपासारख्या भांड्याला मर्यादा लिटरमागे 4 मिलिग्रॅम शिसं, 0.3 मिलिग्रॅम कॅडमियम. आणि टपालाने पाठवणार असाल तर वेष्टन नोंदणी, लुसिड. एक प्रिंट पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवली तरी ती लागते, किमान मर्यादा नाही.

9 नोव्हेंबर

केएसकेचा अर्ज ऑगस्टअखेर गेला होता. आता प्रश्नावली आली: कॅटलॉग, बिलं, अपेक्षित नफा कशावरून. त्या पत्रातल्या 12 प्रतींच्या मालिकेचं बिल इथे कामाला आलं. निर्णयाला महिने लागतात, पण मान्यता मिळाली तर विमा अर्जाच्या तारखेपासून धरतात आणि तेव्हापासूनचे हप्ते एकदम भरावे लागतात. म्हणून महिन्याला 200 युरो वेगळ्या खात्यात. येताना घेतलेला तात्पुरता विमा व्हिसाला चालला, निवास परवान्याला तसा विमा अनेकदा चालत नाही. परवान्याचा अर्ज व्हिसाची मुदत संपायच्या आत दिला, त्यामुळे निर्णयापर्यंतचा अधांतरी काळ कायदेशीर धरणारा कागद हातात आहे.

23 नोव्हेंबर

महिन्याचा हिशोब, युरोंत: घर 640, कार्यशाळा 350, विम्याची तरतूद 200, प्रवासाची दोन मासिक तिकिटं 116, शुल्क 18.36, घरची वीज 60, जेवणखाण 450, चार भाजण्या 63. एकूण साधारण 1,900.

जानेवारीच्या दराने हे 1 लाख 69 हजार रुपये होते. आज युरो 102 च्या वर, म्हणजे 1 लाख 94 हजार. खर्च तोच, महिन्याला पंचवीस हजारांचा फरक. बचत रुपयांत असेल तर पहिल्या सहा महिन्यांची रक्कम निर्णय पक्का होताच युरोंत करावी. वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर 20 टक्के कर बँक आधीच कापते. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.

बुधवारी प्रायश्चित्त-प्रार्थनेची सुट्टी होती, ती फक्त सॅक्सनी राज्यात असते. मातीचा पुरवठादार बंद, माल गुरुवारी.

कार्यशाळेत सकाळी 11 अंश. शाई चाकूवरून सुटत नाही. प्लेट 40 अंशांच्या तव्यावर ठेवून शाई भरली, पुसताना खाली घेतली. मातीचे गठ्ठे बाहेरच्या भिंतीपासून हलवले: गोठलेल्या मातीत पाणी वेगळं होतं, वितळल्यावर ती भाकरीच्या पिठासारखी भुगा-भुगा पडते, पुन्हा पूर्ण मळावी लागते. एका गठ्ठ्याला तसं झालं, कोपऱ्यात ठेवलाय, उद्या मळायचा.